मोहनला काय कळवू, इंदे?

ये इंदे, अशी इकडे ये. उंबऱ्यावर टेकू नकोस, पाट ओढून जवळ बस. तुला चांगलं रागवायचं आहे आणि लांबून रागवायला लागले की माझा घसा बसतो, तुला माहीत आहे. ही काय जायची रीत झाली? वयानं मी थोरली. गुडघे माझे गेलेले, रक्तदाब माझा, डॉक्टरांच्या पायऱ्या मी झिजवते, आणि दुपारी जेवून "जरा पडते" म्हणून तू आत गेलीस ती गेलीसच. चहाला हाक मारली तर ओ नाही. बरं, जायचंच होतं तर बोलणं तरी पुरं करून जावं. तेही नाही. "उद्या बोलू की, अक्का," म्हणालीस आणि उठलीस. तुझं नेहमीचंच आहे हे. भांडण रंगात आलं की पदर झाडायचा आणि उद्यावर टाकायचं. तो उद्या मी एकटीनं कसा काढू?

आज मोहनची तार आली. रघू कारखान्यात निघता निघता आली, त्यानं दारातच वाचून दाखवली. "बातमी कळली. यायला रजा मिळते आहे. आईची इच्छा काय होती ते कळवा. तसंच करीन." एवढंच. तुझ्या पोराला शब्द कधी जास्त झालेच नाहीत. पण ह्या एवढ्याशा तारेत सगळं आलं बघ. तिकडे अमेरिकेच्या सैन्यानं त्याला बोलावलेलं आहे, तपासणी झालेली आहे, आता जायचंच बाकी आहे. आई वारली म्हणून मधे रजा देतायत. इकडे आला आणि राहिला, तर अमेरिकेचं दार बंद. नोकरी गेली, घर गेलं, वर पळपुटा म्हणून नाव लागेल. इकडे आलाच नाही, किंवा येऊन परत गेला, तर व्हिएतनाम. आणि तो विचारतोय, आईची इच्छा काय होती.

रघू म्हणाला, "आई, मी चारला सुटतो. घरी येऊन तसाच तारऑफिसात जाईन. काय लिहायचं ते तोवर ठरवून ठेव." आणि सायकलवर टांग मारून गेला. ठरवून ठेव म्हणे, जशी काही उद्याची भाजी ठरवायची आहे. हे ओसरीवर पेपर उघडून बसलेत, पान काही उलटत नाहीत. मी कुणाला विचारू? तुलाच विचारायचं, म्हणून हा कागद घेतला. शाळा मी बाहेरूनच पाहिली, वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकले. जशी बोलते तशी लिहिते. तू समजून घेशील.

तू चामराजपेठेतल्या आपल्या वठारात, ह्या चाळीत, आलीस तेव्हा मोहन नुकता पाटी-दप्तर घेऊन शाळेला जायला लागला होता. भिंतीला भिंत लागलेली दोन घरं, मागे एक विहीर, मधे एक कपडे वाळवायची दोरी. तुझे यजमान विमानांच्या कारखान्यात कामाला लागले म्हणून बेळगावहून तुम्ही आलात. आमचं घराणं इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की का आलो तेसुद्धा कुणाला धड आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर तू विचारलंस, "अक्का, तुम्ही घरात मराठी बोलता काय कन्नड?"

मी म्हटलं, "दोन्ही. तुला कोणती कमी पडते?"

पुढे तोंड फिरवून दोन दिवस बसलीस. तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन आलीस, "अक्का, स्वल्प चिंच दे की." त्या दिवशी तू माझं एक कन्नड उचललंस आणि मला "तुम्ही"वरून "तू"वर आणलंस. भांडल्याशिवाय तुला माणूस जवळचं वाटायचं नाही.

रशियानं आकाशात तो बनावट चंद्र सोडला तेव्हा पोरं हायस्कुलात होती. संध्याकाळी सगळं वठार गच्चीवर. दिवेलागणीला एक चांदणी सरळ रेघेत चालत गेली, हेब्बाळच्या बाजूला कुठेशी दिसेनाशी झाली. तीच होती की दुसरं काही, देव जाणे, पण सगळे म्हणाले हीच. रघू तर नाचायचा बाकी राहिला. मोहन म्हणाला, "त्यात काय, अमेरिका ह्याच्याहून मोठा सोडेल." झालं. दोघांचं बोलणं बंद. आणि तू काय केलंस? सुपात वाळत घातलेले सांडगे उचललेस, खाली नेऊन झाकलेस.

"अगं, तो काय तुझे सांडगे खायला येतोय?"

"हसू नको, अक्का. वर गेलेलं खाली पण येतं की."

तेव्हा मी सगळ्यांना सांगून हसले होते. नंतर काही मला त्या बोलण्याचं हसू आलं नाही.

रघूला मॉस्कोची शिष्यवृत्ती मिळाली, आणि दुसरं वर्ष लागतंय तोवर मोहनला शिकागोची. सगळी पेठ बोट दाखवायची. एका घराचं पोर रशियात, शेजारच्याचं अमेरिकेत, आणि मधे एक दोरी. आपल्या दोघींना जसं काही त्या देशांत सुना म्हणून दिलं होतं. रघूमुळे आमच्याकडे रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं यायला लागली, ट्रॅक्टरवर बसलेल्या गुबगुबीत बायकांची. वठारातल्या एकूण एक पोराच्या पुस्तकाला त्याचंच कव्हर. तू यायचीस, पुस्तक हातात घ्यायचीस. "तुझा रशिया कव्हराला चांगला की, अक्का." मग रेशनवर अमेरिकेचा तो लाल गहू आला की माझी पाळी. "इंदे, तुझ्या अमेरिकेची चपाती तुटत नाही गं. ओढत ओढत शिकागोपर्यंत नेता येईल. मोहनला दुसरं टोक धरायला सांग."

हसायचो आपण. पण हसताना दोघींचा एक कान रेडिओकडे असायचा, हेही खरं.

मग ती दिवाळी आली. क्यूबा नावाचं बेट आपण त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. आमच्या ह्यांनी समजावून सांगितलं. बेट अमेरिकेच्या दाराशी. रशियानं तिथे नेऊन अणुबाँबचे अग्निबाण उभे केलेत. अमेरिकेनं समुद्रात जहाजं आडवी घातलीत. रशियाची जहाजं थांबली नाहीत तर... एवढं बोलून हे थांबले आणि चष्मा पुसायला लागले. त्यातच आपल्या सरहद्दीवर चीन उतरलेला. वठारात कुणी फटाके आणले नाहीत. तू सैनिकांसाठी खाकी लोकरीचे मोजे विणत होतीस आणि पुन्हा पुन्हा उसवत होतीस.

पोरांचा जुना नकाशांचा अॅटलास तू रगड्यावर उघडलास. मॉस्को एका पानावर, शिकागो दुसऱ्या. तू म्हणालीस, "पान उलटल्याशिवाय एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही, हे बरं आहे."   रशियानं टाकला तर शिकागोवर पडणार, अमेरिकेनं टाकला तर मॉस्कोवर. तुझं पोर वाचावं म्हणून हात जोडावे तर माझ्या पोराचं काय? माझ्यासाठी जोडावे तर तुझ्या? देवापुढे बसले की शब्द अडायचे. तुझंही तेच होत असणार, कारण तो सगळा आठवडा एका विहिरीवर पाणी ओढताना आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो. तू दोर सोडायचीस, मी धरायचे, आणि दोघी पाण्यात बघायचो.

आमच्यात एक रीत आहे. घरचं माणूस परगावी असलं तर नरकचतुर्दशीला त्याच्या नावानं पाटावर सुपारी मांडायची. तिला तेल लावायचं, उटणं लावायचं, ऊन पाणी घालायचं, ओवाळायचं. तुमच्या बेळगावात असलं काही नाही. पण त्या वर्षी तुझा पाणी तापवायचा हंडा गळत होता, म्हणून पहाटे तू आमच्या न्हाणीघरात आलीस, आणि मी तुझ्याही हातात एक सुपारी दिली. "हा मोहन. बसव पाटावर." तू बसवलास. शेजारी माझा रघू. मी आपली पोराचं डोकं रगडावं तशी सुपारी रगडायला लागले, तेलानं ती निसटली, तुझ्या सुपारीवर आपटली, आणि दोन्ही घरंगळत मोरीकडे. तू साडी भिजवून घेतलीस पण मोरीच्या तोंडाशी दोन्ही धरल्यास.

मूठ उघडलीस. तेलानं माखलेल्या दोन सारख्या सुपाऱ्या.

"माझा कोणता, अक्का?"

"हा."

"कशावरून?"

"स्वल्प चपटा आहे."

"मोहन चपटा आहे होय?"

"मग तो घे."

"तो पण चपटाच की."

आणि मग तुझं तोंड उतरलं. तुझ्या ध्यानात काय आलं ते मलाही तेव्हाच कळलं. दुसरं कुठलं वर्ष असतं तर हसून मोकळ्या झालो असतो. त्या वर्षी, एकाच्या आयुष्यासाठी घातलेलं पाणी चुकून दुसऱ्याला पडलं तर? तू तशीच ओल्या साडीत बसून राहिलीस. मग दोन्ही एकाच पाटावर ठेवल्यास. "दोघींनी दोन्हींना लावू. पाणी पण दोघींनी घालायचं." पहिला तांब्या तूच घातलास आणि म्हणालीस, "दोघं पण राहू देत." मीही तेच म्हटलं. सगळा आठवडा आपल्याला तेवढं म्हणता आलं नव्हतं बघ. मग तू रडलीस, मी रडले, न्हाणीघरात धूर फार झालाय म्हणून ह्यांनी बाहेरून विचारलं आणि आपण होय म्हटलं.

पाडव्याला रेडिओनं सांगितलं की रशिया आपले अग्निबाण परत नेणार. तू हातातला मोजा टाकून भिंतीपलीकडून ओरडलीस, "तेल पोचलं की, अक्का."

तेव्हा वाटलं होतं संपलं. कुठलं काय.

तुझे यजमान गेले, मोहनची परीक्षा चालली होती, त्याला येता आलं नाही. माझा रघू शिकून परत आला, इथल्याच कारखान्यात लागला. मोहन तिथेच नोकरीला राहिला. तिथे कायम राहायचे कागद मिळाले म्हणून तू वठारभर पेढे वाटलेस. त्या कागदांबरोबर सैन्याचंही बोलावणं येऊ शकतं हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? इथल्या आईच्या पोटचं पोर, इथल्या शाळेत शिकलेलं, आणि दुसऱ्याच्या लढाईला तिसऱ्याच्या देशात जायचं. मला अजून ते नीट समजत नाही. रघू मांडून सांगतो, एका बाजूला रशिया शस्त्रं देतो, दुसऱ्या बाजूला अमेरिका माणसं पाठवते, मधे ते लोक मरतात. मी म्हणते, सरी, असेल तसं, पण आमचा मोहन त्यात का?

बोलावणं आलं हे तू मला एकटीलाच सांगितलंस. कढीपत्ता निवडत होतीस. हात थांबले नाहीत, आवाज तेवढा बारीक झाला. तेव्हापासून कारखान्याच्या बाजूचं विमान डोक्यावरून गेलं की तू हातातलं काम तसंच धरून ते जाईपर्यंत उभी राहायचीस. चपाती तव्यावर जळायची. मी उलटायचे.

आणि त्या दिवशीपासून आपलं भांडण लागलं, ते आजतागायत.

मी म्हणत होते, लिही त्याला. ये म्हणून लिही.

तू म्हणायचीस, "नाही लिहिणार."

"मग आजारी आहे म्हणून लिही."

"आजारी नाहीये मी."

"मग पड."

आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस गं, हळद कमी घाल म्हटलं तर मूठभर घालायचीस. आणि हे बरं ऐकलंस.

तुझ्या भावाचं तू तेव्हा सांगितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बेळगावच्या पलटणीत होता, मागच्या मोठ्या युद्धात समुद्रापलीकडे गेला. तुझी आई दर आठवड्याला कुणाकडून तरी लिहून घ्यायची, मी आजारी आहे, अंथरुणाला खिळले आहे, लवकर ये. ती चांगली धडधाकट होती. तो परत आला नाही. त्याच्याबरोबरचा एक जण आला, त्यानं दारात उभं राहून सांगितलं की पत्र आलं की तो जेवत नसे, झोपत नसे, शेवटी शेवटी त्याचं कशातच लक्ष नव्हतं. तुझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली, मीच त्याचे पाय ओढले. "म्हणून मी ओढणार नाही, अक्का," तू म्हणालीस. "त्यानं तिथलं अन्न खाल्लंय. जायचं का नाही हे त्याला ठरवू दे. मी लिंबाच्या लोणच्याचं लिहीन." आणि खरंच लोणच्याचंच लिहिलंस. लिंबं यंदा बारीक निघाली, फोडी लवकर मुरल्या. 

मी सोडते होय? मी म्हटलं, "तुझ्या भावाला बोलावून येता येत नव्हतं. मोहनला येता येईल. फरक आहे की नाही?"

तू म्हणालीस, "आणि इथे येऊन जन्मभर तोंड लपवून राहिला तर? आईनं बोलावलं म्हणून पळून आलो असं त्याला वाटत राहिलं तर? ते कोण निस्तरणार, तू?"

"हो, मी."

"तुला काय, तुझा आला."

हे लागलं मला. तुला कळलंही लागलं ते. पण तू माफी मागायची नाहीस आणि मी मागून घ्यायची नाही, म्हणून संध्याकाळी तू वाटीभर हुळी, ती आंबट आमटी, आणून दिलीस आणि मी खाल्ली.

एक मात्र राहून राहून आठवतं. रघू मॉस्कोत असताना त्याच्या खोलीत एक व्हिएतनामी पोरगा राहायचा. बुटका, हसरा, रघूचा स्वेटर घालून फोटोत उभा आहे. त्यानं रघूला भात मऊ कसा करायचा ते शिकवलं. मागे तो आपल्या देशात परत गेला, पुढे काही कळलं नाही. गेल्या महिन्यात तू आमच्याकडे आलीस, तो फोटो भिंतीवरून काढून उजेडात नेलास, आणि रघूला विचारलंस, "ह्याला भावंडं आहेत काय रे?"

रघू म्हणाला, "दोन बहिणी आहेत, मावशी."

तू फोटो पुसून परत लावलास. जाताना मला म्हणालीस, "अक्का, मरायची भीती एक असते. दुसरी पण असते." आणि गेलीस. दुसरी कोणती ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आणि दुसरं, तू गेलीस त्याच्या आधी मोहनच्या खोलीला चुना काढून घेतलास. मी म्हटलं, "कोण येणार आहे?"

"कोण येतंय? भिंत मळली होती."

वर्षानुवर्षं बंद खोली. कोण मळवणार भिंत? आता मला सांग, ह्या चुन्याचा अर्थ मी काय घेऊ? मोहन विचारतोय, आईची इच्छा काय होती. ह्या तारेत मी चुना कसा घालू?

तू गेलीस त्या दिवशी हा सगळा वाद पुन्हा निघाला होता. मी म्हटलं, "इंदे, खरं सांग. तो आत्ता दारात येऊन उभा राहिला तर परत जा म्हणशील?" तू माझ्याकडे बघितलंस. तोंड उघडलंस. आणि म्हणालीस, "उद्या बोलू की, अक्का." त्या उघडलेल्या तोंडात काय होतं ते घेऊन गेलीस. मी सगळं सोसलं, तुझी हळद सोसली, हे मात्र सोसवत नाही.

अग्नी रघूनं दिला. भटजींनी विचारलं मुलगा कोण, तर तो न विचारता पुढे झाला. घरी आल्यावर विहिरीच्या काठाशी बसून राहिला, म्हणाला, "मोहनच्या जागी मी उभा राहिलो, आता माझ्या मित्राच्या समोर मोहन उभा राहणार काय?"  मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझ्या वाटणीचाही ठेवला.

सकाळपासून मी दोन्ही प्रकारे लिहून पाहते आहे. "आईची इच्छा होती, ये." हे लिहिलं तर पोर येईल. तुझ्या नावावर येईल. पण ते तू म्हणाली नव्हतीस. तुझ्या आईनं खोटं लिहून घेतलं म्हणून तू जन्मभर जळलीस, आणि तुझ्या माघारी तुझ्याच नावानं मी खोटं लिहू? माझा हात धजत नाही. मग खरं लिहायचं, "आई म्हणाली तुझं तू ठरव." खरं आहे, अगदी तुझे शब्द आहेत. तो वाचेल, ट्रंक भरेल आणि जाईल. मी त्या पोराला ओळखते. लहानपणी विहिरीत बादली पडली तर बोलावल्याशिवाय कुणाच्या मदतीला यायचा नाही आणि बोलावलं की जेवण टाकून यायचा. त्याला कुणीतरी बोलवावं लागतं.

म्हणून मी ठरवलं आहे, इंदे. ऐक नीट. रघूला असं लिहायला सांगणार आहे. "आईनं ये म्हटलं नव्हतं. मी म्हणते. ये. दोड्डम्मा." तो मला दोड्डम्मा म्हणतो, थोरली मावशी. तेवढा हक्क त्यानंच दिला आहे. उद्या तो इथे येऊन तोंड लपवून राहिला, रात्रंदिवस भिंतीकडे बघत बसला, मला शिव्या घातल्या, तर मला घालू दे. तुला नाही घालणार. तू विचारलं होतंस ना कोण निस्तरणार. सांगितलं होतं मी, तू ऐकलं नाहीस.

पण मला भीती वाटते गं.  चुकत असले तर? तू असतीस तर भांडली असतीस, आणि तुझ्याशी भांडताना मला माझं खरं कळायचं. समोर कुणी नसलं की माझं मलाच पटतं, आणि ते काही चांगलं नाही.

साडेतीन होत आले. ह्यांनी एकदाचं पान उलटलं. रघू सुटेल, सायकल भिंतीला लावून नुसता हात पुढे करील, दे, काय लिहू. त्याच्या हातात हे एकदा दिलं की मग माझ्या हातात काही नाही. तुला माझं पटत नसलं तर ये. पटत असलं तरी ये, मागच्या दारानं ये, काही बोलू नकोस, नुसती विहिरीपाशी दिसलीस तरी मी समजेन. नेहमीसारखं उद्यावर टाकू नकोस, इंदे. आजच ये, लवकर ये, रघू यायच्या आत.